चाकामागचा दगड

एकदा एका गावात एक दगड होता, आणि त्या दगडाला मोटारीत स्वतःची हक्काची जागा होती.

गाव डोंगराच्या उतारावर वसलेलं. तिथल्या गल्ल्या एक तर वर चढतात, नाही तर खाली उतरतात. सपाट जमीन पाहायची तर पार खाली बाजारपेठेत यावं लागतं. त्या पेठेत महालिंगअण्णा शेटे यांचं तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान होतं. घर मात्र वर, महादेवाच्या देवळाकडे जाणाऱ्या गल्लीत. ती गल्ली इतकी उभी, की पाहुणा दारात आला की आधी पाणी मागे आणि मग नमस्कार करी.

अण्णांकडे एक जुनी मोटार होती. तिचं इंजिन आता थकलं होतं. गिअरमध्ये ठेवली तरी त्या चढावर ती मुंगीच्या पावलांनी मागे सरकत राही. म्हणून तिला दारात उभी करण्याचा एक विधीच ठरून गेला होता. अण्णा पायाचा ब्रेक दाबून बसत. शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी नीलाक्का पायाशी ठेवलेला दगड उचलत, खाली उतरत, वाकून तो मागच्या चाकाला लावत, डिकीवर थाप मारत आणि म्हणत, “लावला हो!” मग अण्णा पाय काढत. गाडी जराशी मागे येऊन दगडावर टेके, आणि नंतर अण्णा खाली उतरत. लग्नाच्या गाठी वर बांधलेल्या असतात असं म्हणणाऱ्यांनी या दोघांना एकदा त्या चढावर पाहायला हवं होतं. गल्लीतल्या बायकांना “लावला हो” ऐकू आलं की शेट्यांकडचे घरी आले, हे चुलीपाशी बसून कळे.

दगडासाठी अक्कांनी जुन्या खणाची खोळ शिवली होती. खंडेनवमीला गाडीला हार घातला की एक झेंडूचं फूल दगडालाही मिळे, आणि ते त्याने कमावलेलंच होतं.

आता तुम्ही विचाराल, या गाडीला हँडब्रेक नव्हता का? होता तर. दोन आसनांच्या मधोमध मोठ्या ऐटीत बसलेला होता. अक्कांची देवळाची पिशवी अडकवायला त्याचा फार उपयोग होई. अण्णांचं म्हणणं असं, की ती अडीनडीची वस्तू. उगाच रोज वापरून झिजवायची कशाला? चांगली भांडी फडताळात राखून ठेवायची आणि रोजच्याला पोचे आलेली काढायची, हीच त्यांच्या घरची रीत होती. दुकानात भांड्यांचे डोंगर असणाऱ्या माणसाला घरात चेपलेल्या पेल्यातून पाणी पिताना काहीच वाटत नसे.

पेठेच्या टोकाला, गावातल्या एकुलत्या एका सपाट जागेवर बाबालाल वस्तादांचं गॅरेज होतं. सगळं गाव त्यांना वस्ताद म्हणे, आणि त्यांच्या हाताखाली शिकून तयार झालेला सोपानही वस्तादच म्हणे. सोपान कामाला चलाख होता. चालत्या गाडीचा आवाज ऐकून आजार ओळखायचा. वस्तादांची एकच सवय त्याला कधी उमगली नव्हती. त्या सपाट अंगणात कुठलीही गाडी वीतभर पुढेमागे घेतली, तरी वस्ताद हँडब्रेक ओढत. सोडत, आणि पुन्हा ओढत. जिथे टाकलेली गोटीसुद्धा घरंगळत नाही तिथे हा खटाटोप कशासाठी? वय झालं की माणूस कशाला तरी चाळा लावून घेतो, असं मनाशी म्हणून सोपानने तो विषय सोडून दिला होता.

त्या वर्षी अक्कांच्या गुडघ्यांनी त्रास द्यायला सुरुवात केली. एका सोमवारी देवळातून परत येऊन गाडी चढाला वळवून थांबवली, तेव्हा अक्का दगड घेऊन उतरल्या खऱ्या, पण पूर्वीसारखं खाली वाकवेना. दगड तिरका बसला. त्यांनी “लावला हो” म्हटलं, अण्णांनी पाय काढला, दगड निसटला आणि गाडी मागे आली. अक्का अंग चोरून बाजूला पडल्या. कोपर खरचटण्यावर निभावलं, पण अण्णांचा चेहरा पांढराफटक पडला होता. अक्का उठून बसल्या, पदर झटकला आणि शांतपणे म्हणाल्या, “आजपासून मी या गाडीत बसायची नाही.” दगड त्यांनी घरात नेऊन ठेवला.

अक्का रागावून बोलल्या असत्या तर दोन दिवसांत निवळल्या असत्या. शांतपणे बोलल्या, तेव्हा अण्णांनी ओळखलं की हे काही खरं नाही. चालत चढउतार करणं गुडघ्यांना झेपत नव्हतं. त्यामुळे सोमवारचं देऊळ बंद झालं आणि शेजारच्या गावी धाकट्या बहिणीकडे जाणंही बंद झालं. अण्णा गाडी पेठेतच ठेवून धापा टाकत घरी येऊ लागले. घरात अक्का खिडकीशी बसलेल्या असत. ते दृश्य अण्णांना बघवत नसे.

शेवटी ते गाडी घेऊन वस्तादांकडे आले.

“वस्ताद, एवढा हँडब्रेक करून द्या. आमच्या मंडळींचं बाहेर पडणं त्याच्यावर अडलंय.”

वस्तादांनी गाडीकडे न पाहता सोपानकडे पाहिलं. “हे काम तुझं. अक्का परत गाडीत बसल्या की काम झालं असं समज. त्याआधी नाही.”

सोपानला ते काम म्हणजे हातचा मळ वाटलं. हँडब्रेकचा दांडा सैल झाला होता. ओढला की नुसताच वर येई. दांड्याच्या बुडाशी एक नट असतो. तो आवळला की दांड्यापासून मागच्या चाकांपर्यंत जाणारी वायर ताणली जाते. सोपानने नट आवळला. दांडा ओढून पाहिला तर चांगला कडक लागला. अंगणात गाडी उभी करून गॅरेजमधल्या सगळ्यांनी मागून लोटली, तरी जागची हलली नाही. सोपान स्वतःवर खूश झाला. वस्ताद खाटेवर चहा पीत बसले होते. त्यांनी बशी तोंडाला लावली.

संध्याकाळी सोपान अण्णांबरोबर वर गेला. अक्का दारात येऊन उभ्या राहिल्या. अण्णांनी चढावर गाडी थांबवली, दांडा ओढला आणि जपून पाय काढला. गाडी उभी राहिली. सोपानने मोठ्या अभिमानाने अक्कांकडे पाहिलं, आणि तेवढ्यात, कुणाच्या लक्षात येऊ नये अशा बेताने, गाडी मागे सरकायला लागली. अण्णांनी घाईने पाय दाबला. अक्का आत गेल्या, खणाच्या खोळीतला दगड घेऊन आल्या आणि सोपानच्या हातात दिला. सोपानला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्याने दात-ओठ खात नट आणखी आवळला. आटे संपेपर्यंत आवळला. आता दांडा वर यायलाही जोर लागू लागला. या खेपेला गाडी चढावर उभी राहिली आणि उभीच राहिली. अक्का म्हणाल्या, “उद्या बघू.” सोपानला ते आश्वासन वाटलं.

उद्या उजाडला, आणि अण्णा पुन्हा गॅरेजच्या दारात आले. मागच्या चाकाला हात लावला तर चटका बसत होता आणि जळकट वास सुटला होता. दांडा खाली टाकला तरी ब्रेक सुटत नव्हता. सगळा उतार गाडीने कुंथत कुंथत पार केला होता.

“परवा गाडी थांबत नव्हती,” अण्णा म्हणाले, “आज चालत नाही. तुम्हीच एकदा काय ते ठरवा आणि मला सांगा.”

सोपानने पाना खाली ठेवला. “वस्ताद, आवळायला आता आटेच शिल्लक नाहीत. गाडीच म्हातारी झाली. अण्णांना सांगा विकून टाका म्हणून.”

वस्ताद खाटेवरून उठले. गाडीत बसले, पाना घेतला, आणि सोपानने इतक्या कष्टाने आवळलेला तो नट सोडवायला लागले. सोपान पाहतच राहिला. वस्तादांनी नट थोडाथोडका नाही, पुरता सैल केला. दांडा मेलेल्या सापासारखा लोंबायला लागला. दोन दिवसांची मेहनत अशी मातीत गेली होती. ज्या ब्रेकला आधीच पकड नाही, त्याची उरलीसुरलीही काढून घेण्यात शहाणपण ते कुठलं?

“वस्ताद, हे काय केलंत?”

“गाडीखाली जा,” वस्ताद म्हणाले. “चाकाकडचं टोक सोडव आणि हातात धर. मी इकडून वायर ओढतो. तुझ्या हाताला काय लागतं ते सांग.”

सोपान पाठीवर झोपून गाडीखाली सरकला आणि वायरचं टोक बोटांत धरलं. वरून वस्तादांच्या ओढण्याचा करकर आवाज येत होता. सोपानच्या बोटांना मात्र काहीच जाणवलं नाही.

“ओढताय ना?”

“सगळ्या अंगाने ओढतोय.”

वर एवढा जोर चालला होता आणि त्यातला कणभरही इकडे पोचत नव्हता. मग सोपानने दुसरं काही न विचारता वायर बाहेर काढली. तिच्या नळीतून तपकिरी भुकटी गळली. वायर नळीत गंजून घट्ट धरली होती. परवा ती जेमतेम केसभर हलली होती, म्हणून सपाटीवर पकड पुरली आणि चढावर सुटली. काल आटे संपेपर्यंत ताणली तेव्हा कशीबशी पुढे सरकली, पण माघारी यायचं नाव घेईना. त्याने मागची चाकं उतरवली. चाकाच्या आत दोन अर्धगोल लायनर असतात, ते फाकून चाकाला आतून धरतात. त्यांना फाकवणारा छोटा खटकाही गंजाने बसला होता. तुटलेलं, मोडलेलं असं काही नव्हतं. सगळं नुसतं जागच्या जागी बसून गेलं होतं.

इतक्या जुन्या गाडीची वायर गावात मिळेना. सोपानचा थोरला भाऊ सोलापुरात सुट्या भागांच्या दुकानात होता. सोपानने त्याला फोन लावला.

“बोल, काय काम काढलंस?” पलीकडून आवाज आला.

“दादा, एक हँडब्रेकची वायर पाहिजे होती.”

“गाडी कुठली ते कळव. एसटीने धाडतो.” आणि फोन बंद झाला.

सोपान खट्टू झाला. “आमचा दादा हल्ली असाच तोडून बोलतो, वस्ताद. नमस्कार नाही, चमत्कार नाही. फोन उचलला की पहिलं वाक्य, काय काम काढलंस.”

“मागच्या वेळी फोन कधी केला होतास?” वस्तादांनी विचारलं.

सोपानने आठवून पाहिलं. “त्या क्लचप्लेटच्या वेळी.”

“हं,” वस्ताद म्हणाले आणि रेडिओचं बटण फिरवायला लागले.

वायर आली. सोपानने या वेळी कामाला उलटीकडून सुरुवात केली. आधी चाकं. खटके सोडवले, घासले, त्यांना ग्रीस दिलं. लायनर असे बसवले की चाक हाताने फिरवताना आतून नुसती कुजबुज ऐकू यावी. मग नवी वायर ओवली. सगळ्यात शेवटी तो दांड्यापाशी आला आणि नट अगदी बेताने आवळला. दांडा ओढला तर सहज वर आला आणि मऊपणे अडला. हाताला कसला जोर म्हणून लागला नाही. गाडीचं मागचं चाक मात्र जागच्या जागी गप्प झालं होतं. सोपान दांडा सोडून पुन्हा ओढायला लागला, कारण त्यात आता गंमत वाटत होती.

अण्णा गाडी न्यायला आले तेव्हा वस्तादांनी आणखी एक विचित्र गोष्ट केली. सोपानने गाडीत ठेवलेला तो खोळीतला दगड त्यांनी उचलला आणि वाऱ्याने आपटणाऱ्या गॅरेजच्या दाराला नेऊन लावला. मग अण्णांना गाडीत बसवलं.

“अंगणात एक चक्कर मारा आणि थांबा. हँडब्रेक ओढा.”

अण्णांनी ओढला.

“सोडा. पुढे घ्या, थांबा, पुन्हा ओढा.”

असं चारपाच वेळा झाल्यावर अण्णांनी खिडकीतून मान बाहेर काढली. “वस्ताद, माझी चेष्टा चाललीय का? इथं तर गाडी लोटली तरी जाणार नाही. ब्रेकची गरज काय?”

“गरज नाही, म्हणूनच ओढायचा.” वस्ताद गाडीच्या दाराला टेकून उभे राहिले. “अण्णा, तुमची वायर वाईट नव्हती. तिला कुणी काम सांगितलं नाही. सगळं काम दगडाने केलं आणि अक्कांच्या गुडघ्यांनी केलं. तुम्ही तिला राखून ठेवलीत, अडचणीला धरेल म्हणून. राखून ठेवलं ते जिथल्या तिथे गंजलं, आणि नेमकं अडचणीच्या वेळी तुम्ही हाक मारलीत. ती कुठून ओ देणार? तिला रोज हलवत राहा. सपाटीवर, दुकानापुढे, कुठेही. काम नसताना हलली तर काम पडेल तेव्हा हलेल.”

मग ते सोपानकडे वळले. “आणि मर्दा, तू दांड्याशी आवळत बसलास. हाताला जोर लागला म्हणून तुला वाटलं, चाकाला पोचला. मधली वाट बंद असली की कितीही ओढ, आपलाच खांदा दुखतो.”

सोपान खाली मान घालून ऐकत होता. मग एकदम त्याच्या ध्यानात आलं. “म्हणजे तुम्ही रोज अंगणात हँडब्रेक ओढता ते…”

“इतकी वर्षं हसत होतास ना?” वस्ताद म्हणाले, आणि स्वतःच मनापासून हसले.

अण्णा मात्र दाराशी ठेवलेल्या दगडाकडे पाहत होते. “तो तेवढा गाडीत असू द्या, वस्ताद. वेळ सांगून येत नाही.”

“तो गाडीत असला तर हात त्याच्याकडेच जाईल,” वस्ताद म्हणाले. “इथं त्याला चांगली नोकरी लागलीय.”

तो सोमवार होता. सोपान आपल्या स्कूटरवरून गाडीच्या मागोमाग वर गेला. अक्का दारात उभ्या होत्या. अण्णांनी चढावर गाडी उभी केली, दांडा ओढला, पाय काढला आणि दार उघडून खाली उतरले. गाडी हलली नाही. अण्णा तिच्याभोवती फिरले, अक्कांसाठी दार उघडून उभे राहिले. अक्कांनी आधी चाकाकडे पाहिलं. चाकामागे काही नव्हतं. मग सोपानकडे पाहिलं. सोपानने होकाराची मान हलवली. अक्का आत गेल्या. आता या दुसरा दगड आणणार, असं सोपानला वाटलं. पण त्या देवळाची पिशवी घेऊन बाहेर आल्या आणि गाडीत बसल्या. सवयीने पिशवी हँडब्रेकला अडकवायला गेल्या, थबकल्या, आणि मांडीवर घेऊन बसल्या.

देवदर्शन होऊन गाडी परत आली तोवर सोपान तिथेच स्कूटर लावून थांबला होता. अण्णांनी गाडी वळवून नेहमीच्या जागी, चढाला तोंड करून उभी केली. त्याच क्षणी, वर्षानुवर्षांच्या सवयीने, अक्कांचा हात पायाशी गेला आणि रिकाम्या जागी चाचपडला. अण्णांनी दांडा ओढला.

“अहो, मग आता मी काय करू?” अक्कांनी विचारलं.

“काही नाही. बस.”

अक्का बसल्या. समोर काचेतून देवळाचा कळस दिसत होता, खाली पेठेतले दिवे लागायला आले होते. या चढावर गाडी थांबली की एकीने उतरायचं आणि दुसऱ्याने ब्रेक दाबून वाट बघायची, असंच आजवर होत आलं होतं. थांबलेल्या गाडीत दोघं एकत्र कधी बसलेच नव्हते. आता दोघंही उतरायचं विसरून बसून राहिले. थोड्या वेळाने अक्कांनी खिडकीतून हात बाहेर काढला, दारावर थाप मारली आणि म्हणाल्या, “लावला हो!” आणि अण्णा इतके मोठ्याने हसले की समोरच्या घरातली सून दारात येऊन बघायला लागली. सोपानचे डोळे भरून आले. काम झालं होतं.

स्कूटर पेठेच्या उतारावर लागली तेव्हा त्याला वस्तादांचा तो प्रश्न आठवला. त्याने स्कूटर बाजूला घेतली आणि फोन लावला.

“बोल, काय काम काढलंस?” दादा म्हणाला.

“काम काही नाही, दादा. सहजच केला.”

मग दादाने दुकानातल्या कुणाला तरी “जरा गल्ल्यावर बस रे” असं सांगितलं, आणि बोलायला सुरुवात केली.